हरताळ फासलेली पोथी आणि माझा चुकलेला परिच्छेद

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी माझ्या शोधनिबंधाच्या मसुद्यात एक परिच्छेद लिहिला होता. माझा विषय आहे सुती कापडावरच्या रंगांचं प्रकाशामुळे होणारं विघटन. सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेल्या माणसाला हा विषय सुचणं साहजिकच होतं. प्रस्तावनेला थोडी ऐतिहासिक खोली यावी म्हणून मी एका जुन्या पोथीचं स्कॅन नेटवरून उतरवलं. वैद्यकावरची पोथी होती. तिच्या एका पानावर ओळींच्या मधेच पांढरे पट्टे दिसत होते, अक्षरं गायब. मी ते मोजले, चौदा भरले. मग लिहून टाकलं की जुन्या हस्तलिखितांमध्येही प्रकाशामुळे शाई उडालेली दिसते, आणि पानाचं चित्र खाली चिकटवलं. दिसायला परिच्छेद एकदम झकास होता.

तो चुकीचा होता, आणि चूक माझ्याच विषयातली होती. ती कशी सापडली हे सांगताना दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहालयांत होणाऱ्या ग्रंथफेऱ्या आणि वाचनवर्ग यांबद्दलही सांगायचं आहे. ‘पेट’ देऊन सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या, विशेषतः विज्ञान शाखेतल्या मित्रमैत्रिणींना वाटतं की हे सगळं इतिहास आणि मराठी विभागाचं काम, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटायचं.

ग्रंथफेरी आणि वाचनवर्ग: फरक काय?

ग्रंथफेरी म्हणजे जाणकार माणसासोबत संग्रह फिरून पाहणं. काचेच्या पेटीत काय ठेवलंय, ते इथे कसं आलं, त्याच्यात विशेष काय, हे तो सांगतो आणि आपण ऐकतो. तास-दीड तासात फेरी संपते. वाचनवर्गाची चाल उलटी असते. तिथे एकच ग्रंथ, कधी एकच पान, आठवडेच्या आठवडे वाचलं जातं आणि बोलायचं आपल्यालाच असतं.

अमेरिकेत फिलाडेल्फियातलं रोझेनबाख हे दुर्मिळ पुस्तकांचं संग्रहालय दोन्ही गोष्टी करतं. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चं हस्तलिखित आणि ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’साठी काढलेली टिपणं तिथे आहेत. लोक तिथे फेरीला जातात आणि एखादी कादंबरी घेऊन वाचनवर्गालाही बसतात.

आपल्याकडे एका छताखाली नेमकं असंच सगळं मिळेल असं नाही, पण त्याचे तुकडे जवळच आहेत. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाली. डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखित संग्रह पुढे तिच्याकडे आला आणि आज तिथे २८ हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. त्यातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ मध्ये ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत केली. त्यातलं एक काश्मीरचं, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेलं आहे. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. जुने कागद वाचायचे तर मोडी यायला हवी, आणि ती शिकवण्याची परंपरा तिथे आहे. राज्याचं पुरालेख खातंही मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं. मुंबईत एशियाटिक सोसायटी आहे, १८०४ पासूनची.

भिलारचं ‘पुस्तकांचं गाव’ तुम्हाला माहीत असेलच. पाचगणीजवळच्या या गावात २०१७ च्या मे महिन्यापासून घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत. ती पुस्तकं आपण मजकुरासाठी वाचतो. मी ज्याबद्दल बोलतोय तिथे मजकुराइतकंच लक्ष वस्तूकडे द्यावं लागतं: कागद, शाई, शिवण, समासातल्या खुणा.

माझ्याच वहीत लिहिलेलं उत्तर

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी सकाळची हुतात्मा पकडून पुण्याला गेलो होतो. मित्र इतिहासात पीएच.डी. करतोय, त्याच्या आग्रहाखातर एका संग्रहाची फेरी केली. छान वाटलं. वहीत भराभरा टिपणं घेतली, दुपारी मिसळ खाल्ली, संध्याकाळच्या गाडीने परत.

सप्टेंबरमध्ये तोच मित्र मला पोथ्या वाचण्याच्या एका वर्गाला घेऊन गेला. बारा जण, तीन तास, आणि समोर जुन्या पोथीचं फक्त एक पान. शिकवणाऱ्या सरांनी पहिलंच सांगितलं, “काय लिहिलंय ते नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा.”

एकेकाने सांगायला सुरुवात केली. काळी शाई. दंड तांबड्या शाईत. समासात बारीक अक्षरात दोन शब्द. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “सर, तिसऱ्या ओळीवर पिवळा डाग आहे.”

“डाग आहे की लावलंय?”

मी वाकून पाहिलं. पिवळा पट्टा अक्षरांच्या उंचीइतकाच होता, दोन्ही टोकांना सरळ कापल्यासारखा. डाग असा पडत नाही. एका जागी पिवळ्याच्या खालून काळ्या अक्षराची वेलांटी डोकावत होती.

“हरताळ,” सर म्हणाले. “लेखनिकाची चूक झाली की तो तिच्यावर हरताळ फासायचा.”

माझ्या डोळ्यांसमोर जुलैमधले चौदा पांढरे पट्टे आले. घरी येऊन एप्रिलची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘हरताळ – पिवळा – चूक झाकायला’. म्हणजे परिच्छेद लिहिण्याच्या तीन महिने आधी मला हे सांगितलं गेलं होतं आणि मी ते उतरवूनही घेतलं होतं. फेरीत ऐकलेली माहिती वहीत पोचली, डोक्यात नाही. पान समोर ठेवून कोणीतरी “डाग आहे की लावलंय?” असं विचारेपर्यंत ती माझी झालीच नव्हती.

यामागचं रसायनशास्त्र

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, आर्सेनिक ट्रायसल्फाइड. निसर्गात खनिज म्हणून सापडतं. ते वाटून डिंकाच्या पाण्यात कालवलं की पिवळा रंग तयार होतो. पोथीचा जुना कागदही पिवळसर, त्यामुळे चुकलेलं अक्षर झाकलं जातं आणि वर नवं लिहिता येतं. आजच्या भाषेत ‘व्हाइटनर’. ‘केल्या कामावर हरताळ फासला’ असं आई हजारदा म्हणाली असेल. तो वाक्प्रचार इथून आला. बंद या अर्थाचा हरताळ वेगळा: हाट आणि ताळं, म्हणजे दुकानाला कुलूप.

आता स्कॅनकडे या. मी उतरवलेलं स्कॅन निव्वळ काळं-पांढरं होतं. असं स्कॅन करताना यंत्र प्रत्येक बिंदूला एकच प्रश्न विचारतं: ठरावीक मर्यादेपेक्षा गडद की फिका? गडद असेल तर काळा, फिका असेल तर पांढरा. पिवळा फिक्यात मोडतो. त्यामुळे पिवळा हरताळ, पिवळसर कागद आणि पानाला पडलेलं भोक या तिन्ही गोष्टी स्कॅनमध्ये सारख्याच पांढऱ्या दिसतात. वर हरताळ स्वतःही उजेडात हळूहळू फिका पडतो.

मला जास्त लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. आपल्याकडच्या पोथ्यांची काळी शाई बहुतेक वेळा काजळ आणि डिंकाची असते. काजळ म्हणजे कार्बन. रंगद्रव्य उजेडाने उडतं ते त्याच्या रेणूतले विशिष्ट बंध तुटतात म्हणून. काजळात तसं तुटण्यासारखं काही नाही. पाणी लागलं तर डिंक विरघळून काजळ वाहून जाईल किंवा त्याची पापडी सुटेल, पण उजेडाने ते पांढरं होणार नाही. हे मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झोपेतही सांगितलं असतं. युरोपात वापरली जाणारी लोह आणि टॅनिनची शाई वेगळी वागते. ती तपकिरी होते, कागद खाते, कधीकधी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. हिराकस आणि हिरडा वापरून अशा प्रकारची शाई आपल्याकडेही करत. म्हणजे शाई कोणती हे कळल्याशिवाय ‘शाई उडाली’ असं लिहायचा मला अधिकारच नव्हता.

ती मूळ पोथी ज्या संग्रहात होती तिथे मी रीतसर अर्ज केला आणि ते पान प्रत्यक्ष पाहिलं. चौदा पट्ट्यांपैकी अकरा हरताळाचे निघाले. दोन ठिकाणी कसरीने कागद खाल्ला होता. एकाचा निर्णय लागला नाही. उजेडाने उडालेली शाई: शून्य.

कागदाची उलटी गोष्ट

वाचनवर्गात दुसरा धक्का कागदाने दिला. दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या पोथीचं पान सहज वाकत होतं. शेजारी ठेवलेलं शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक मात्र कडेने बिस्किटासारखं तुटत होतं. जुनं ते जास्त नाजूक, हा माझा समज तिथेच मोडला.

कारण सोपं आहे. हातकागद चिंध्या आणि तागासारख्या लांब तंतूंपासून व्हायचा. एकोणिसाव्या शतकात कागदाचे कारखाने आले. शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी आणि राळ घालायला लागले आणि शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा वापरात आला. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो. हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने ते आम्ल सेल्युलोजची लांब साखळी जागोजागी तोडत राहतं. साखळी आखूड झाली की कागद ठिसूळ होतो. ग्रंथालयातून आणलेलं जुनं पुस्तक उघडताना मांडीवर चुरा पडतो, तो याच क्रियेचा. म्हणून पुस्तक ‘दुर्मिळ’ होण्यासाठी ते फार प्राचीन असावं लागत नाही. कमी प्रती छापल्या आणि वाईट कागद वापरला, की आजोबांच्या काळचं पुस्तकही दुर्मिळ होतं.

यातून विज्ञानाचं संशोधन उभं राहतं. डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोळाव्या-सतराव्या शतकांतली तीन पुस्तकं होती. त्यांच्या बांधणीत त्याहून जुन्या हस्तलिखितांचे तुकडे वापरले होते, पण वर हिरवा रंग असल्यामुळे ते वाचता येत नव्हते. शाईतल्या धातूंवरून अक्षरं ओळखता येतील म्हणून संशोधकांनी क्ष-किरण टाकून पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याचं तंत्र वापरलं. अक्षरं शोधायला गेले आणि सापडलं आर्सेनिक. तो हिरवा रंग विषारी होता. २०१८ मध्ये हे जगभर बातम्यांत आलं. आपला पिवळा हरताळही आर्सेनिकचाच आहे, हे विसरू नका. पान उलटायला बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून जा आणि बाहेर पडल्यावर हात धुवा.

चुका वंशावळ सांगतात

वाचनवर्गात एकाच श्लोकाच्या चार प्रती शेजारी ठेवून वाचल्या. यालाच पाठभेद तपासणं म्हणतात. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच पद्धतीने केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये संपलं, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. उपलब्ध प्रतींवरून जितक्या जुन्या पाठापर्यंत जाता येईल तितकं जायचं आणि बाकीचे पाठभेद तळटीपेत द्यायचे, असं ते काम.

जुना पाठ कसा ओळखायचा? एक खूण म्हणजे चुका. दोन प्रतींत बरोबर शब्द सारखा असेल तर त्यातून फारसं कळत नाही, कारण बरोबर तर सगळेच लिहितील. पण तीच विचित्र चूक दोन प्रतींत असेल तर दोघींची आजी एकच असणार. जीवशास्त्रवाल्यांना हे लगेच कळेल. सामायिक उत्परिवर्तनावरून प्रजातींचा वंशवृक्ष काढतात, तसंच हे.

आता हीच नजर आपल्या संदर्भयाद्यांवर टाका. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी शोधनिबंधांतल्या संदर्भांमधल्या छपाईच्या चुका तपासल्या. चुकीचा पृष्ठक्रमांक जसाच्या तसा पुढच्या निबंधांत उतरत जातो. त्या पुनरावृत्तीवरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात. बाकीचे दुसऱ्याच्या यादीतून उचलतात. जुन्या काळचा लेखनिक चुकला की निदान हरताळ तरी फासायचा.

पेठेपासून हाकेच्या अंतरावर

हे सगळं पुण्या-मुंबईतच आहे असं समजू नका. नववं शतक. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा काळ. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ त्याच काळात लिहिला. मद्रासहून रंगाचार्यांनी तो १९१२ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती निघाली १९६३ मध्ये, लक्ष्मीचंद्र जैन यांची, आणि ती निघाली सोलापुरातून. जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. याच मालेत त्याआधी १९४३ आणि १९५१ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ हा विश्वरचना आणि गणित यांचा प्राकृत ग्रंथ दोन भागांत आला होता. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन.

मी जन्मल्यापासून सोलापुरात आहे. विज्ञानाचा विद्यार्थी आहे. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक ज्या आवृत्त्यांचे संदर्भ देतात त्या माझ्या गावात निघाल्या, हे मला सव्विसाव्या वर्षी पुण्याच्या एका वर्गात कळलं. १९१२ ची आणि १९६३ ची आवृत्ती शेजारी ठेवून एखादं उदाहरण वाचणं, हा सोलापुरातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी छान वाचनवर्ग होऊ शकतो. चार मुलं आणि एक मार्गदर्शक एवढं पुरे.

जाण्याआधीची तयारी

एक, प्रश्न घेऊन जा, आणि तो एकच असू द्या. ‘दुर्मिळ काय आहे ते दाखवा’ हा प्रश्न नव्हे. ‘इथल्या पोथ्यांत दुरुस्ती कशी केलेली दिसते?’ हा प्रश्न आहे.

दोन, शिसपेन्सिल न्या. पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा.

तीन, अर्थाआधी वर्णन लिहा: आकार, कागद, शाईचे रंग, ओळींची संख्या, समासातल्या खुणा, शेवटचं पान. पोथीच्या शेवटी लेखनिकाने बरेचदा तिथी, गाव आणि नाव दिलेलं असतं.

चार, सन जुळवायला शिका. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौषाच्या आसपास १ जानेवारी येऊन जातो. तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. ज्ञानेश्वरीचा शके १२१२ म्हणजे १२९०, हे उदाहरण लक्षात ठेवा.

पाच, स्कॅन वापरलं तर तसं लिहा, आणि ते रंगीत होतं की काळं-पांढरं हेही लिहा. मूळ पान पाहिलं असेल तर ‘प्रत्यक्ष पाहिलं’ असं लिहा. या दोन शब्दांची किंमत व्हायव्हात कळते.

सहा, फेरी झाल्यावर पंधरा दिवसांत काहीतरी वाचायला बसा. मी एप्रिल ते सप्टेंबर थांबलो. मधल्या काळात काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

स्कॅन वाईट असतात असं मी म्हणत नाही. आमच्यासारख्या लहान शहरातल्या मुलांना त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मलाही ती पोथी स्कॅनमुळेच माहीत झाली. फक्त स्कॅन हे एक मोजमाप आहे, आणि कुठलंही मोजमाप वापरताना उपकरणाला काय दिसत नाही हे आधी विचारायचं असतं. प्रयोगशाळेत आपण हे रोज करतो. पीडीएफ उघडली की का विसरतो कोण जाणे.

तो परिच्छेद मी काढला. गाईडना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले, “काढू नकोस, बदल.” आता तिथे कार्बनची शाई उजेडात का टिकते आणि सुती कापडावरचा रंग का टिकत नाही, याची तुलना आहे. पहिल्यापेक्षा हा परिच्छेद माझ्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. चौदाव्या पट्ट्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्यासाठी पुन्हा एकदा अर्ज केला आहे.

तुम्ही या आठवड्यात एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात जुना संदर्भ काढा आणि त्याचं मूळ पान शोधून त्याचा पृष्ठक्रमांक स्वतः तपासा.